राळेच्या मण्यांवर औषधांची घडण

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या शीतपेटीत ज्या मोजक्या औषधांना कायमची जागा असते, त्यांत ऑक्सिटोसिनच्या लहान कुप्यांचा समावेश होतो. प्रसूतीनंतर गर्भाशयाचे आकुंचन व्हावे आणि मातेचा रक्तस्राव आटोक्यात राहावा, यासाठी हे औषध टोचण्यात येते. ऑक्सिटोसिन हे मुळात मानवी शरीरातीलच एक संप्रेरक असून ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून रक्तात सोडले जाते. त्याची रचना पाहू जाता ती अवघ्या नऊ अमिनो आम्लांची एक साखळी आहे. अमिनो आम्लांच्या अशा आखूड साखळ्यांना पेप्टाइड म्हणतात. हीच साखळी लांबत जाऊन शेकडो कड्यांची झाली व विशिष्ट आकारात घडी होऊन बसली, म्हणजे तिला प्रथिन ही संज्ञा प्राप्त होते. डाळीतील, दुधातील व अंड्यातील प्रथिने ती हीच.

निसर्गात प्रथिने घडविण्यासाठी सुमारे वीस प्रकारची अमिनो आम्ले वापरली जातात. मुळाक्षरे तीच, परंतु त्यांचा क्रम बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, तसेच येथे आहे. ऑक्सिटोसिनच्या नऊ कड्यांपैकी दोन बदलल्या की व्हॅसोप्रेसिन हे दुसरेच संप्रेरक होते आणि त्याचे काम मूत्रपिंडातून बाहेर जाणाऱ्या पाण्यावर नियंत्रण ठेवण्याचे असते. यास्तव अशी साखळी प्रयोगशाळेत तयार करावयाची, तर प्रत्येक कडी आपल्या नेमक्या जागीच बसली पाहिजे. अमेरिकेतील व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी १९५३ साली ऑक्सिटोसिन कृत्रिम रीतीने तयार केले, तेव्हा ही मोठी कामगिरी मानली गेली आणि १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नऊ कड्यांच्या साखळीसाठी एवढा सन्मान का, हा प्रश्न शाळेतील एखादा चौकस विद्यार्थी विचारील. त्याचे उत्तर त्या काळच्या पद्धतीत आहे.

द्रावणातील खटाटोप

प्रत्येक अमिनो आम्लाला जोडणीसाठी दोन टोके असतात. एक अमिनो गटाचे व दुसरे आम्ल गटाचे. दोन निरनिराळी अमिनो आम्ले एकत्र केली, तर कोणाचे कोणते टोक कोणाला चिकटेल याचा नेम राहत नाही. म्हणून जी टोके जोडावयाची नाहीत त्यांवर आधी रासायनिक टोपण घालावे लागते. जोडणी झाल्यावर एक टोपण काढावयाचे, पुढची कडी जोडावयाची आणि पुन्हा तेच. अशा टोपणांना संरक्षक गट म्हणतात. माक्स बेर्गमान व लिओनिडास झेर्वास यांनी १९३२ साली सहज निघू शकणारे असे एक टोपण शोधून काढले आणि तेथून या शाखेला खरा वेग आला.

परंतु टोपणांचा प्रश्न सुटला, तरी शुद्धीकरणाचा प्रश्न उरलाच. जोडणीनंतर भांड्यात तयार झालेली साखळी असे, न जोडली गेलेली अमिनो आम्ले असत, खर्ची पडलेली इतर द्रव्ये असत. हे सर्व एकाच द्रावणात विरघळलेले. त्यातून हवी ती साखळी वेगळी काढावयाची, स्फटिक करून शुद्ध करावयाची, तपासावयाची व मगच पुढची कडी जोडावयाची. प्रत्येक वेळी थोडा माल वाया जाई. साखर कारखान्यांच्या भाषेत ज्याला उतारा म्हणतात, तो प्रत्येक पायरीस घटत जाई. शिवाय साखळी जसजशी लांबे, तसतशी ती विरघळण्यासच नाखूष होई. एका पेप्टाइडासाठी कुशल रसायनज्ञांची वर्षे खर्ची पडत.

न्यू यॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट ब्रूस मेरिफील्ड हे असेच काम करीत होते. त्यांचे विभागप्रमुख डी. डब्ल्यू. वूली हे मधुमेहामुळे तरुणपणीच दृष्टी गमावलेले शास्त्रज्ञ होते. २६ मे १९५९ रोजी मेरिफील्ड यांनी आपल्या वहीत एक कल्पना टिपून ठेवली. साखळीची पहिली कडी एखाद्या न विरघळणाऱ्या घन पदार्थाला पक्की बांधून टाकावयाची. पुढच्या कड्या त्यावरच एकेक करून जोडीत जावयाच्या. आणि प्रत्येक जोडणीनंतर अनावश्यक असे जे जे काही आहे, ते केवळ धुऊन व गाळून काढून टाकावयाचे. साखळी घन पदार्थाला बांधलेली असल्याने ती गाळणीवरच राहील. शुद्धीकरणाच्या जागी धुणे आले, एवढाच काय तो बदल. कल्पना ऐकावयास इतकी साधी आहे की ती आधीच कोणास का सुचली नाही, याचे नवल वाटावे.

ती प्रत्यक्षात उतरविण्यास मात्र चार वर्षे लागली. प्रश्न होता घन पदार्थ कोणता घ्यावयाचा हा. मेरिफील्ड यांनी सेल्युलोज, पॉलिव्हिनिल अल्कोहोल, पाणी शुद्ध करण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या राळा अशी निरनिराळी बहुवारिके वापरून पाहिली. काही पदार्थ जोडणीच्या रसायनांपुढे टिकेनात, काहींवर जोडणीच नीट होईना. अखेरीस त्यांची निवड स्टायरीनच्या राळेवर स्थिरावली आणि १९६३ साली चार कड्यांच्या एका पेप्टाइडाची निर्मिती त्यांनी प्रसिद्ध केली. योगायोग असा की, त्याच वर्षी रॉबर्ट लेट्सिंगर यांनीही मक्याच्या लाह्यांसारख्या फुललेल्या एका बहुवारिकावर अशीच जोडणी केल्याचे प्रसिद्ध केले. टिकून राहिली ती मेरिफील्ड यांची राळ.

मण्याचे अंतरंग

रेझीन या शब्दाला मराठीत राळ असा प्रतिशब्द असला, तरी येथील राळ झाडाच्या खोडातून पाझरणारी नव्हे. स्टायरीन या द्रवाचे असंख्य रेणू एकमेकांस जोडून पॉलिस्टायरीन हे बहुवारिक तयार होते. शाळेतील देखाव्यांसाठी वापरला जाणारा थर्मोकोल म्हणजे हेच पॉलिस्टायरीन हवेने फुगविलेले. नुसते पॉलिस्टायरीन कित्येक विद्रावकांत विरघळून जाते. ते विरघळू नये, म्हणून त्याच्या लांब धाग्यांमध्ये ठिकठिकाणी आडवे दुवे घालतात. हे काम डायव्हिनिल बेंझीन हे दुसरे द्रव्य करते. पाणी मृदू करण्याच्या संयंत्रांतील राळही याच घराण्यातील. फक्त तिच्यावर बसविलेले रासायनिक गट वेगळे असतात.

या आडव्या दुव्यांचे प्रमाण किती असावे, यात सर्व मर्म आहे. बाजेची वीण फार घट्ट केली, तर ती ताणत नाही आणि फार सैल केली, तर झोळ पडतो. मेरिफील्ड यांनी आरंभी शेकडा दोन एवढे दुवे ठेवले. पुढे शेकडा एक हे प्रमाण रूढ झाले. एवढ्याशा दुव्यांनी मणी विरघळण्यापासून वाचतो आणि तरीही योग्य विद्रावकात भरपूर फुगतो. कोरडा मणी साधारणतः एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा, म्हणजे बारीक रव्याहूनही लहान असतो. डायक्लोरोमिथेन या विद्रावकात तो भिजविला, की त्याचे आकारमान पाच-सहा पट होते. उपवासाच्या खिचडीसाठी साबुदाणा भिजत घालणाऱ्या गृहिणीस ही क्रिया निराळी समजावून सांगावी लागणार नाही. पाणी पुरेसे पोहोचले नाही, तर साबुदाण्याचा गाभा कडक राहतो. तसेच या मण्यांचेही आहे.

येथेच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पद्धतीचे नाव 'घन अवस्थेतील संश्लेषण' असे पडल्याने साखळ्या मण्याच्या पृष्ठभागावर, जणू चेंडूवरील केसांप्रमाणे उगवत असाव्यात, असे चित्र मनात उभे राहते. वस्तुस्थिती तशी नाही. मेरिफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सर्गी हायड्रोजनची खूण असलेली पेप्टाइडे मण्यांवर तयार केली व मण्यांचे पातळ काप काढून त्यांची छायाचित्रे घेतली. खुणा मण्याच्या आतबाहेर सर्वत्र सारख्या पसरलेल्या आढळल्या. साखळ्यांपैकी बहुतेक सर्व मण्याच्या पोटात वाढतात. फुगलेला मणी हा खऱ्या अर्थाने घन नसतोच; तो विद्रावकाने ओथंबलेला एक जाळीदार गोळा असतो आणि अमिनो आम्लांना त्यात सहज ये-जा करता येते. अशा एका मण्यात काही लाख कोटी साखळ्या एकाच वेळी वाढत असतात. १९८० साली केंट, सरीन व मेरिफील्ड यांनी असेही दाखवून दिले की, साखळी लांबते तसा मणीही तिला जागा करून देत वाढतो. साठ कड्यांच्या एका पेप्टाइडाच्या वेळी मण्यातील पेप्टाइडाचे वजन मूळ राळेच्या चौपट झाले होते.

प्रत्यक्ष कृती अशी चालते. तळाशी सच्छिद्र काचेची गाळणी असलेल्या पात्रात मणी घालतात. साखळीची शेवटची कडी, आम्ल गटाच्या बाजूने, मण्याला बांधतात; म्हणजे शब्द शेवटच्या अक्षरापासून उलटा लिहीत यावे, तसा हा प्रकार आहे. मग त्या कडीच्या अमिनो टोकावरील टोपण काढतात, धुतात, पुढील अमिनो आम्ल गरजेपेक्षा अधिक प्रमाणात घालून हलवितात आणि पुन्हा धुतात. अधिक प्रमाणात घालण्याचे कारण असे, की एकही टोक जोडणीवाचून राहू नये. उरलेले द्रव्य धुऊन निघणारच असते. सर्व कड्या जोडून झाल्या, की तीव्र आम्लाच्या साहाय्याने साखळी मण्यापासून तोडून घेतात.

धुणे, गाळणे, ओतणे, हलविणे ही कामे यंत्राकडे सोपविण्यासारखी होती. मेरिफील्ड यांनी पहिल्या यंत्राची जुळणी आपल्या घराच्या तळघरात केली. जॉन स्टुअर्ट व निल्स येर्नबर्ग या सहकाऱ्यांच्या मदतीने तयार झालेल्या या यंत्रात खुंट्या बसविलेले एक फिरते पिंप होते. पिंप फिरले, की खुंट्यांच्या क्रमाप्रमाणे झडपा उघडत व मिटत. यंत्र येण्यापूर्वीही, १९६४ साली, नऊ कड्यांचे ब्रॅडिकायनिन हे पेप्टाइड त्यांनी आठ दिवसांत तयार केले होते. १९८४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या मेरिफील्ड यांना देण्यात आले. २००६ साली त्यांचे निधन झाले.

न धुतली जाणारी चूक

या पद्धतीला सुरुवातीपासून विरोधही झाला आणि तो अनाठायी नव्हता. जुन्या पद्धतीत प्रत्येक पायरीला माल शुद्ध होत असे. नव्या पद्धतीत मण्याबाहेरचे सर्व धुतले जाते, परंतु मण्यालाच बांधलेली चूक धुतली जात नाही. समजा, शंभरांपैकी एका साखळीला पाचवी कडी लागलीच नाही. ती साखळी चार कड्यांवरून सहावीकडे जाते आणि शेवटी एक कडी कमी असलेले, दिसावयास जवळजवळ सारखे असे पेप्टाइड चांगल्या मालात मिसळून बाहेर पडते. त्याला वेगळे काढणे महाकठीण.

याचे गणित शिक्षकांना वर्गात घालता येण्यासारखे आहे. नऊ कड्यांच्या साखळीला आठ जोडण्या लागतात. प्रत्येक जोडणी शेकडा ९० यशस्वी झाली, तर शेवटी बिनचूक साखळ्या शेकडा ४३ उरतात. शेकडा ९९ यशस्वी झाली, तर ९२. आता साखळी १२४ कड्यांची घेतली, तर शेकडा ९९ यशानेही बिनचूक साखळ्या केवळ २९ टक्के मिळतात आणि शेकडा ९५ यश असेल, तर हजारात दोन. तेव्हा राळेचा एकूण एक मणी आतपर्यंत फुगणे व एकही टोक अडगळीत न राहणे, यावर औषधाची शुद्धता अवलंबून असते.

वरील १२४ हा आकडा काल्पनिक नाही. रायबोन्यूक्लिएज ए या विकराची साखळी तेवढी लांब असून १९६९ साली बेर्न्ड गुट्टे व मेरिफील्ड यांनी ती मण्यांवर घडविली. त्यासाठी ३६९ रासायनिक क्रिया व यंत्राच्या ११,९३१ हालचाली लागल्या. तयार झालेल्या पदार्थात विकराचे गुण आढळले, तथापि त्याची क्रियाशीलता आरंभी नैसर्गिक विकराच्या १३ टक्केच होती. त्याच वेळी मर्क कंपनीतील हिर्शमन व डेंकेवाल्टर यांच्या मोठ्या गटाने याच विकराचा मुख्य भाग द्रावणातील पद्धतीने तयार केला होता. दोन्ही वृत्ते एकदमच जाहीर झाली आणि वादास नवे इंधन मिळाले.

चूक धुता येत नसेल, तर ती घडतानाच पकडली पाहिजे. १९७० साली कायझर व सहकाऱ्यांनी यासाठी एक सोपी कसोटी दिली. थोडे मणी काढून त्यांवर निनहायड्रिन हे द्रव्य घालून तापवितात. मणी निळे झाले, तर काही टोके अद्याप मोकळी आहेत. निळे झाले नाहीत, तर पुढे जाण्यास हरकत नाही. कागदावरील बोटांचे ठसे उमटविण्यासाठी पोलीस तपासात वापरले जाते, ते हेच निनहायड्रिन.

राळेतही सुधारणा होत गेल्या. मेरिफील्ड यांच्या मूळ राळेवरून साखळी तोडण्यासाठी हायड्रोजन फ्लुओराइड वापरावे लागे. हे द्रव्य काचही खाऊन टाकते; त्यासाठी वेगळ्या प्लॅस्टिकची उपकरणे लागतात व हाताळणाऱ्याच्या जिवास धोका असतो. वांग यांनी १९७३ साली साखळी व मणी यांमधील दुवाच असा योजला, की सौम्य आम्लाने तो सुटावा. लुई कार्पिनो यांनी १९७० साली शोधलेले एफमॉक नावाचे टोपण आम्लाऐवजी अल्कलीने निघते. केंब्रिजमध्ये शेपर्ड व अ‍ॅथर्टन यांनी पुढे या टोपणाचा मण्यांवरील कामात उपयोग केला. टोपणाचे कुलूप एका किल्लीने व मण्याचे दुसऱ्या किल्लीने उघडू लागल्यावर काम बरेच निर्धोक झाले. शेपर्ड यांचा आणखी एक आक्षेप राळेच्या स्वभावाविषयी होता. पॉलिस्टायरीन तेलकट प्रकृतीचे, तर पेप्टाइड वेगळ्या प्रकृतीचे. दोघांना एकच विद्रावक मानवत नाही. म्हणून त्यांनी पेप्टाइडाशी मिळतीजुळती अशी पॉलिअमाइडची राळ पुढे आणली. इतरांनी पॉलिस्टायरीनवर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे लवचिक धागे बसविले. केरळमध्ये व्ही. एन. राजशेखरन पिल्लै व त्यांच्या विद्यार्थ्यांनी डायव्हिनिल बेंझीनच्या ताठ दुव्यांऐवजी अधिक लवचिक दुवे असलेल्या राळांचा अभ्यास केला.

दवाखान्यात व गोठ्यात

ऑक्सिटोसिन आज द्रावणात तसेच मण्यांवर, अशा दोन्ही रीतींनी तयार करता येते. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील ल्युप्रोलाइड, गायीम्हशींच्या माजासंबंधीच्या तक्रारींवर पशुवैद्य वापरतात ते बुसेरेलिन ही नऊ कड्यांची पेप्टाइडे याच वर्गातील होत. साखळी लांब असेल, तर तिचे तुकडे मण्यांवर घडवून ते नंतर द्रावणात एकत्र जोडण्याचा मार्ग अवलंबितात. एचआयव्हीवरील ३६ कड्यांचे एन्फुव्हर्टाइड हे औषध २००३ साली मान्य झाले, ते या मिश्र मार्गाने. मधुमेहावरील व २०२५ साली भारतात उपलब्ध झालेले टिरझेपॅटाइड ३९ कड्यांचे असून त्याच्या मोठ्या प्रमाणावरील निर्मितीसाठीही असाच मार्ग विकसित करण्यात आला. इन्सुलिन मात्र या पद्धतीने बनत नाही. त्याची ५१ कड्यांची जोडसाखळी मण्यांवर तयार करता येते हे १९६० नंतरच्या दशकातच सिद्ध झाले होते. परंतु ते काम जिवाणू व यीस्ट यांच्याकडून करवून घेणे अधिक स्वस्त पडते.

पेप्टाइडांपलीकडेही ही कल्पना पोहोचली. लेट्सिंगर यांनी ती डीएनएच्या साखळ्यांसाठी वापरली आणि मण्यांऐवजी सच्छिद्र काचेचे कणही पुढे आले. २०२० साली कोरोनाच्या साथीत गावोगावी नाकातील स्राव घेऊन जी आरटी-पीसीआर चाचणी होत असे, तिला लागणारे डीएनएचे आखूड तुकडे अशाच स्थिर आधारांवर जोडून तयार झालेले होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कृष्ण गणेश यांनी पेप्टाइड व डीएनए यांचा मेळ घालणाऱ्या पेप्टाइड न्यूक्लिइक आम्लांवर दीर्घकाळ संशोधन केले. ती आम्लेही राळेच्या मण्यांवरच घडविली जातात.

विद्रावकांचा हिशेब

धुण्यावर उभारलेल्या पद्धतीला धुण्याचा खर्च टळत नाही. प्रत्येक कडीमागे अनेकदा धुवावे लागते आणि तेही पाण्याने नव्हे. पॉलिस्टायरीनचे मणी पाण्यात फुगतच नाहीत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार, या पद्धतीने एक किलो पेप्टाइड औषध तयार करताना सरासरी सुमारे १३ हजार किलो द्रव्ये खर्ची पडतात. साध्या लहान रेणूंच्या औषधांसाठी हाच आकडा काहीशे किलोंत असतो. या द्रव्यांतील मोठा वाटा डायमिथिल फॉर्मामाइड या विद्रावकाचा असतो. गर्भातील बालकास तो अपायकारक ठरू शकत असल्याने युरोपीय संघाने डिसेंबर २०२३ पासून त्याच्या वापरावर कडक मर्यादा घातल्या आहेत. मातेच्या रक्षणासाठी वापरावयाचे औषध ज्या पद्धतीने तयार होऊ शकते, तिच्यातच असे द्रव्य असावे, ही विसंगती संशोधकांच्याही नजरेतून सुटलेली नाही. रासायनिक वसाहतींलगतच्या ग्रामपंचायतींना सांडपाण्याचा विषय नवा नाही. आपल्या परिसरात पेप्टाइडांचा कारखाना येत असल्यास विद्रावक किती लागणार, त्यातील किती ऊर्ध्वपातनाने परत मिळविला जाणार आणि उरलेल्याची विल्हेवाट कोठे लागणार, ही विचारणा करणे त्यांच्या दृष्टीने रास्त ठरते.

कमी अपायकारक विद्रावक शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. काही ठिकाणी दोन विद्रावकांचे मिश्रण वापरतात, काही ठिकाणी धुण्याच्या फेऱ्या कमी करतात, तर पाण्यात काम करता येईल काय, याचीही चाचपणी होत आहे. कोणताही नवा विद्रावक पुढे आला, की त्याची पहिली परीक्षा ठरलेली असते. मोजपात्रात थोडे कोरडे मणी घ्यावयाचे, त्यांवर तो ओतावयाचा आणि मणी किती फुगतात, ते काही वेळाने पाहावयाचे.